ग्रंथपाल घडवावा लागतो

पोंभुर्ले आपल्याच देवगड तालुक्यातले. बाळशास्त्री जांभेकरांचे हे गाव आणि ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले, एवढे आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला पाठ असते. त्यांच्या कामाचा आणखी एक भाग मात्र भाषणांतून फारसा ऐकू येत नाही. १८४५ साली मुंबईत शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन वर्ग चालत असे. त्याला तेव्हा नॉर्मल स्कूल म्हणत. त्याचे संचालकपद बाळशास्त्रींकडे होते. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतोच असे नाही, शिकवण्याची विद्या वेगळी शिकावी लागते, हा विचार त्या वर्गामागे होता. पुढच्याच वर्षी बाळशास्त्री गेले, पण विचार रुजला. आज डी.एड. किंवा बी.एड. न केलेल्या माणसाला आपण वर्गावर उभे करत नाही.

शाळेच्या ग्रंथालयात बसणाऱ्या माणसाबद्दल हाच विचार रुजायला त्यानंतर कितीतरी वर्षे गेली आणि खरे सांगायचे तर तो अजून पुरता रुजलेला नाही. शाळा सोडल्यावर मी ग्रंथालयशास्त्र शिकले आणि निवृत्तीपर्यंत मुंबईच्या उपनगरातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. संमेलनानिमित्त शाळेला काय भेट द्यावी यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले काही महिने चर्चा चालली आहे. कुणी काचेची कपाटे म्हणते, कुणी पुस्तकांचा संच, कुणी संगणक. सगळ्या सूचना चांगल्या आहेत. त्यांत माझी एक सूचना मिसळायची आहे, पण ती मांडण्याआधी तिच्यामागचा इतिहास सांगते. स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘आठवणी पुरे, काही माहितीचेही लिहा’ असे बजावले होते, त्यांचीही आज्ञा पाळली जाईल.

वर्गणीदारांची वाचनालये

कोकणाला ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली निघाले. रेल्वे येण्याच्याही आधी आपल्या किनाऱ्यावर वाचनालय होते, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण त्या काळच्या वाचनालयांची घडण लक्षात घेतली पाहिजे. ती वर्गणीदारांची होती. वर्गणी भरू शकणारा, लिहितावाचता येणारा, बहुधा पुरुष आणि बहुधा सरकारी नोकर, वकील किंवा शिक्षक असा तो वाचक. त्याला काय हवे ते त्याला ठाऊक असे. तो नाव सांगे, ग्रंथपाल पुस्तक काढून देई. अशा ठिकाणी ग्रंथपालाचे मुख्य काम म्हणजे पुस्तक हरवू न देणे आणि वर्गणी थकू न देणे. त्यासाठी प्रामाणिक माणूस पुरे होता, शिकलेला ग्रंथपाल लागत नव्हता.

अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी पहिली शाळा काढली. पहिल्याच तुकडीत बहुतेक विद्यार्थिनी होत्या आणि त्यांना प्रवेश दिला म्हणून ड्यूई यांचे संस्थाचालकांशी वाजले. म्हणजे पुस्तके कुणाच्या हाती द्यायची आणि ती देणारे हात कुणाचे असावेत, हा वाद या विषयाला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

बडोद्याचा वर्ग

ते लोण भारतात आणले एका मराठी राजाने. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ साली दत्तक जाईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. शिकायला उशिरा सुरुवात केलेल्या माणसाला वाचनाची किंमत फार चांगली कळते. १९०६ साली त्यांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग पुढचा प्रश्न आला. गावातले पोर चार इयत्ता शिकेल, पण हाती पुस्तक पडले नाही तर शिकलेले विसरून जाईल. त्यावर उत्तर म्हणून संस्थानाने ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले आणि त्यासाठी १९१० साली अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले.

बॉर्डन यांनी १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातला हा पहिला वर्ग. पुढच्या वर्षी बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक निघू लागले, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. ग्रंथपालाने शिकत राहावे, इतर ठिकाणी काय चालले आहे ते त्याला त्याच्या भाषेत कळावे, यासाठी केलेली ती सोय होती. आज आपण ज्याला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणतो, त्याचाच हा एक जुना प्रकार.

बॉर्डन १९१३ साली परतले. त्यांच्यानंतर संस्थानातल्या ग्रंथालयांची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. आडनाव वाचले की सिंधुदुर्गातला कुणीही क्षणभर थांबेल. कुडाळकरांनी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १९१९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावात वाचनालय नाही तिथे लाकडी पेटीतून पुस्तके पाठवायची, काही आठवड्यांनी पेटी पुढच्या गावाला जायची, अशी फिरत्या ग्रंथालयांची पद्धत तिथे होती. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली होती. वाचकांचे निरनिराळे प्रकार असतात आणि प्रत्येकापर्यंत जाण्याची वाट वेगळी असते, हे बडोद्याने ओळखले होते.

मद्रासचे गणिताचे अध्यापक

यानंतरचे मोठे नाव डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे. ते मद्रासला गणित शिकवत असत. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथून लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आले. १९२९ साली मद्रास ग्रंथालय संघाच्या वतीने त्यांनी प्रशिक्षण वर्ग सुरू केला, दोन वर्षांनी तो विद्यापीठाने चालवायला घेतला. १९३१ सालीच त्यांचा पंचसूत्रीचा ग्रंथ आला. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या प्रत्येकाच्या पहिल्या धड्यात ही पाच सूत्रे असतात.

त्यांतले दुसरे सूत्र मला कायम आपल्या गावाकडे घेऊन येते. प्रत्येक वाचकाला त्याच्या जोगे पुस्तक मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय. रंगनाथन हे सूत्र सांगून थांबत नाहीत. प्रत्येक म्हणजे कोण कोण, याचा ते पाने भरून हिशेब मांडतात. श्रीमंत आणि गरीब, पुरुष आणि बायका, शहरातले आणि खेड्यातले, अंध, रुग्ण, तुरुंगातले बंदिवान, समुद्रावर गेलेले खलाशी. १९३१ साली एक भारतीय ग्रंथपाल खलाशाच्या वाचनाचा हक्क मांडत होता. तारामुंबरी-मिठमुंबरीच्या आपल्या मित्रांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

मुंबई इलाख्यात १९३९ साली आ. अ. अ. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली गेली, तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची साखळी आणि प्रशिक्षित ग्रंथपाल हे तिचे सांगणे होते. त्यातूनच पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि ग्रंथालय संचालनालय उभे राहिले. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय संघांचे प्रमाणपत्र वर्ग चालू लागले. वाचनालयात काम करणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी नोकरी सांभाळून ते वर्ग केले. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाल्यावर घरी राहून पदवी घेण्याची वाटही खुली झाली.

शाळा मागे का राहिल्या

इथे एक फाटा फुटला, तो नीट समजून घ्यायला हवा. १९६७ चा कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा. शाळेचे ग्रंथालय त्या कायद्याखाली येत नाही, ते शालेय शिक्षण खात्याकडे. त्यामुळे गावातले वाचनालय आणि गावातली शाळा यांची दोन खाती, दोन अनुदाने आणि दोन तपासण्या झाल्या. वाचनालयासाठी निघालेला वर्ग शाळेच्या गरजेसाठी बेतलेला नव्हता आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात ग्रंथालय हा जाता जाता उरकायचा धडा होता.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शालेय ग्रंथालयांची जी स्थिती नोंदवली आहे ती वाचून आजही वाईट वाटते. बहुतेक शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालय नाही, पुस्तके जुनी आणि मुलांची आवड न पाहता घेतलेली, खोली अंधारी आणि काम एखाद्या कारकुनाकडे किंवा आवड नसलेल्या शिक्षकाकडे, असे आयोगाचे निरीक्षण होते. उपाय म्हणून आयोगाने प्रशिक्षित, पूर्णवेळ ग्रंथपाल सुचवला आणि त्याचा दर्जा व पगार ज्येष्ठ शिक्षकाच्या तोडीचा असावा असे सांगितले.

आपल्याकडे पुढे ग्रंथपालाचे पद आले, पण ते पटसंख्येला बांधले गेले. पट मोठा असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, मध्यम असेल तर अर्धवेळ आणि लहान असेल तर कुणीच नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या शाळांना हा नियम फारसा बोचला नाही. कोकणात मात्र घरटी एक माणूस मुंबईला, मुले कमी, वाड्या दूरदूर, त्यामुळे शाळा पुष्कळ आणि पट लहान. ज्या भागात घरी पुस्तक असण्याची शक्यता कमी, त्याच भागात शाळेला ग्रंथपाल नसण्याची शक्यता जास्त, असा हा हिशेब झाला. मग मराठीच्या सरांकडे किंवा बाईंकडे कपाटाच्या किल्ल्या येतात. तास, पेपर, जनगणना, निवडणुकीचे काम हे सगळे सांभाळून ते मुलांना पुस्तके देतात. आपल्या वेळी ‘किशोर’चे अंक आणि फास्टर फेणेची पुस्तके आपल्या हाती पडली ती अशाच सरांमुळे. मधल्या सुटीत स्वतःचा डबा बाजूला ठेवून ते पुस्तकांची नोंद करत. त्यांना ग्रंथालयाचे प्रशिक्षण कुणी दिले नव्हते, जे केले ते स्वतःच्या आवडीने केले. आवड असलेला शिक्षक लाभणे हे मुलांचे नशीब झाले. शाळेची व्यवस्था नशिबावर सोडता येत नाही.

पुस्तकाची विद्या आणि मुलाची विद्या

मी ग्रंथालयशास्त्र शिकले तेव्हा वर्गीकरण, तालिकीकरण, दाखल नोंदवही, देवघेव, निर्लेखन हे सगळे कसून शिकवले गेले. ड्यूईच्या पद्धतीत इतिहास ९०० मध्ये आणि भाषा ४०० मध्ये हे आजही झोपेत विचारले तरी सांगेन. ही विद्या लागतेच. कपाटातले पुस्तक दोन मिनिटांत सापडले नाही तर मूल पुन्हा येत नाही.

पण शाळेत रुजू झाल्यावर रोज पुढ्यात येई ते वेगळेच होते. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी, भोजपुरी बोलणारी, तमिळ आणि उर्दू बोलणारी मुले. एकाला जाडजूड कादंबरी हवी आणि त्याच्या शेजारचा सातवीत असून अक्षर जुळवत वाचणारा. एकीचे वडील नुकतेच गेलेले, ती रोज येऊन पुस्तक उघडून नुसती बसायची. यांतल्या कुणाला काय द्यावे आणि कसे द्यावे, हे तालिकीकरणाच्या पुस्तकात नव्हते.

त्या वर्षांत एक नोंदवही मला फार उपयोगी पडली. देवघेवीची. वर्षाच्या मध्याला मी ती घेऊन बसत असे आणि प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटाशी ताडून पाहत असे. दाखल नोंदवही आपल्याकडे कोणती पुस्तके आहेत ते सांगते. देवघेवीची वही हजेरीपटाशेजारी ठेवली की कोणते मूल सहा महिन्यांत एकदाही आले नाही तेही कळते. अशा मुलांची यादी काढली की बहुधा तीच नावे निघत. घरी शाळेची भाषा न बोलणारी, मध्येच वर्षाला शाळा बदललेली, पुस्तक हरवले तर भरपाई कोण देणार या भीतीने हात मागे घेणारी, किंवा ज्यांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही अशी. ती यादी वर्गशिक्षिकांना दाखवून एकेका मुलाची विचारपूस करणे हे माझ्या कामातले सर्वांत मोलाचे काम होते.

जगात या गोष्टीचा विचार बऱ्याच आधी सुरू झाला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९२१ साली पोर्तो रिकोहून आलेली पुरा बेल्प्रे नावाची तरुणी कामाला लागली. वस्तीतली मुले स्पॅनिश बोलणारी आणि कपाटात त्यांच्या बेटावरची एकही गोष्ट नाही. ग्रंथपालाचे प्रशिक्षण घेताना गोष्ट सांगण्याचा तास होता, त्यासाठी तिने आजीकडून ऐकलेली कथा लिहून काढली. तीच पुढे १९३२ साली पुस्तक म्हणून छापली गेली. प्रशिक्षण वर्गात आजीची गोष्ट आली आणि वर्गातून ती कपाटात गेली, एवढाच तो प्रवास. अमेरिकेतल्याच रुडीन सिम्स बिशप या अध्यापिकेने १९९० साली मुलांच्या पुस्तकांना आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. मुलाला पुस्तकात स्वतःचे घरही दिसले पाहिजे आणि दुसऱ्याचेही. युनेस्को आणि ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्ला यांनी १९९९ साली शालेय ग्रंथालयांचा जाहीरनामा काढला. त्यात भाषा, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व किंवा सामाजिक दर्जा न पाहता शाळेतल्या सर्वांना सारखी सेवा मिळावी असे म्हटले आहे.

जामसंड्याचा वर्ग आज

हे न्यूयॉर्कचे झाले, आपल्याकडे सगळी एकाच वळणाची मुले, असे कुणाला वाटत असेल तर त्याने आपलाच वर्ग आठवावा. दहिबाव, कुणकेश्वर, इळये, मोंड, किल्ला अशा चहूबाजूंनी आलेली मुले होतो आपण. गाबितांची, मराठ्यांची, बौद्धवाडीतली, भंडाऱ्यांची, बामणांची, मुसलमान मोहल्ल्यातली, धनगरवाडीवरची. घरी सगळे मालवणीत. ‘माका तां पुस्तक व्हया’ म्हणणारा पोरगा सरांसमोर उभा राहिला की ‘मला ते पुस्तक हवे आहे’ जुळवता जुळवता पुस्तकच न मागता परत फिरे. कपाटातल्या पुस्तकांत पुण्यातला वाडा असे, आमराई किंवा रापण क्वचित. पुस्तकातली मुले दिवाळीच्या सुटीत मामाच्या गावाला जात आणि आपण तर त्या गावातच राहत होतो.

आजचा वर्ग याहून मिश्र आहे. आंब्याच्या हंगामात बागांची राखण करायला नेपाळी कुटुंबे येतात, काही बारमाही राहतात. ट्रॉलरवरही नेपाळी खलाशी असतात. चिरेखाणींवर कर्नाटकातून मजूर येतात. त्यांची मुले आपल्या जिल्ह्यातल्या मराठी शाळांत बसतात. दुसरीत असलेल्या नेपाळी पोराला मालवणी खेळताना आपोआप येते, मराठी पुस्तकातून अर्धवट कळते आणि आईची भाषा कागदावर कधी दिसतच नाही. त्याची लिपी देवनागरीच, म्हणजे अक्षर एकच. एवढे जरी कपाटाजवळ बसलेल्या माणसाच्या ध्यानात आले तरी अर्धी वाट सरली. एखादे नेपाळी गोष्टीचे पुस्तक त्याच्यापुढे ठेवले तर तो ते अडखळत का होईना वाचील आणि घरी आईला वाचून दाखवील.

आणि हे पुस्तक मिळवणे आता पूर्वीसारखे अवघड नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे खुले दालन सुरू केले. त्यावर मराठी, कन्नड, उर्दू, नेपाळी अशा अनेक भाषांतल्या बालकथा मोफत वाचता येतात, छापूनही घेता येतात. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर पाहता येतात. दृष्टिहीन मुलांसाठी २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले आहे. अडते ते इतकेच, की हे आहे, कुठे आहे आणि कोणत्या मुलासाठी उपयोगी आहे, हे शाळेतल्या कुणालातरी ठाऊक असावे लागते. संगणक भेट दिल्याने ते ठाऊक होत नाही.

नवे प्रशिक्षण

समाधानाची बाब अशी की मुलाला केंद्रस्थानी ठेवणारे प्रशिक्षण आता भारतात मिळू लागले आहे. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ या बालसाहित्य उपक्रमातून लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स चालतो. काही महिन्यांचा हा अभ्यासक्रम हिंदी आणि इंग्रजीत आहे. थोडे दिवस एकत्र राहून शिकायचे आणि बाकीचे आपापल्या शाळेत काम करता करता. आपल्या शेजारी पणजीला २००५ पासून काम करणारी बुकवर्म ही संस्था शाळांमधून ग्रंथालयाचे तास घेते आणि या अभ्यासक्रमाशीही तिचे नाते राहिले आहे. पुस्तक मोठ्याने वाचून कसे दाखवावे, त्यावर मुलांशी प्रश्नोत्तरे न करता गप्पा कशा माराव्यात, पुस्तके मुलांच्या उंचीवर आणि मुखपृष्ठ दिसेल अशी का मांडावीत, एखाद्या जातीची, धर्माची किंवा अपंगत्वाची टर उडवणारे पुस्तक कसे ओळखावे, या गोष्टी अशा शिक्षणात येतात. रंगनाथन यांच्या दुसऱ्या सूत्राचे हे आजचे रूप म्हणायला हरकत नाही.

कायदा आणि धोरण यांचीही साथ आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके हवीत असे नमूद आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना पुस्तकांसाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जवळच्या शाळांनी ग्रंथालयासारख्या सोयी वाटून घ्याव्यात अशी कल्पना मांडली आहे. यांत पुस्तकांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ती पुस्तके मुलाच्या हाती देणाऱ्याच्या शिक्षणासाठी मात्र कुणीतरी वेगळी तजवीज करावी लागते.

माझी सूचना

म्हणून, मित्रमैत्रिणींनो, आपण जो निधी जमवत आहोत त्यातला एक हिस्सा माणसाच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. त्यातून तीन गोष्टी करता येतील.

पहिली, शाळेत ग्रंथालय जे कुणी पाहत असतील, मग ते ग्रंथपाल असोत किंवा शिक्षक, त्यांना अशा अभ्यासक्रमाला पाठवावे. फी, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च आपण करावा. शाळेने त्या दिवसांत त्यांचे तास दुसऱ्याकडे द्यावेत, एवढी विनंती आपण मुख्याध्यापकांना करू.

दुसरी, वर्षातून एकदा दोन दिवसांची बैठक जामसंड्यात घ्यावी. देवगड तालुक्यातल्या शाळांचे ग्रंथालय पाहणारे शिक्षक आणि गावोगावच्या वाचनालयांचे ग्रंथपाल एका खोलीत बसू द्यावेत. दोन खात्यांत वाटली गेलेली ही माणसे एकमेकांना क्वचित भेटतात. कुणाकडे कोणती पुस्तके आहेत, कोणत्या वाडीतली मुले वाचायला येत नाहीत, बागेतल्या मुलांना मे महिन्यात गावी जाताना पुस्तक द्यायचे का आणि हरवले तर काय करायचे, अशा साध्या प्रश्नांवर बोलले तरी पुष्कळ साधेल. चहा-जेवणाचा भार आपण उचलू.

तिसरी गोष्ट पैशांची नाही. आपल्यातल्या ज्यांना मालवणीत गोष्ट सांगता येते, ज्यांना उर्दू किंवा कन्नड वाचता येते, त्यांनी महिन्यातून एक तास शाळेला द्यावा. आजीची गोष्ट मुलांनी लिहून काढली, चित्रे काढली आणि दोऱ्याने शिवली की ते शाळेच्या कपाटातले पुस्तक होते. त्याला दाखल क्रमांक द्यावा आणि ते इतर पुस्तकांसारखे घरी न्यायला द्यावे.

कपाटे घेऊच. आंब्याच्या गावात सुतारांची उणीव नाही. पण कपाट एकदाच घ्यायचे असते आणि माणसाचे शिक्षण दर दोन-चार वर्षांनी करावे लागते, कारण शिक्षक बदलतात, मुले बदलतात, पुस्तके बदलतात. त्यासाठी निधीची रक्कम बँकेत ठेवून व्याज वापरावे की दरवर्षी वर्गणी काढावी, हे आपल्यातल्या हिशेबात पक्क्या मंडळींनी ठरवावे. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जी सभा ठेवली आहे, तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, अशी विनंती मी संयोजकांना केली आहे. आपले गुरुजन त्या सभेला असणार आहेत. ग्रंथालयाच्या किल्ल्या ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळल्या, त्यांना नेमके काय शिकायला मिळाले असते तर बरे झाले असते, हे त्यांच्याकडूनच ऐकू आणि मग ठरवू.